शोधगंगा : प्रबंधांचा खुला साठा

पूर्वी पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात राही; वाचायचा तर त्या गावी जावं लागे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनी प्रबंधाची डिजिटल प्रत देणं बंधनकारक केलं. या प्रती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ संग्रहात ठेवल्या जातात आणि घरबसल्या मोफत वाचता येतात. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांचे मराठी प्रबंधही तिथे आहेत.

प्रत्येक प्रबंधासोबत संशोधक, मार्गदर्शक, विषय आणि विद्यापीठ यांची नोंद असते. अशा नोंदींचा साचा ठरलेला असला, की एका संग्रहाची माहिती दुसऱ्या संग्रहाला आपोआप घेता येते. शिवाय प्रबंधाला ‘हँडल’ नावाचा कायमस्वरूपी क्रमांक मिळतो. उद्या संकेतस्थळाचा पत्ता बदलला, तरी क्रमांक तोच राहतो. फक्त त्यामागचा पत्ता सुधारायचा असतो. त्यामुळे जुना संदर्भही योग्य ठिकाणी पोहोचवतो.

मात्र नोंदच चुकली, तर साठ्यात असलेला प्रबंधही शोधून सापडत नाही. म्हणून संशोधक मित्रांनो, प्रबंध सादर करताना नाव, विषय आणि शोधशब्द काळजीपूर्वक भरा. आणि दुसऱ्याच्या प्रबंधाचा संदर्भ देताना त्याचा हँडल क्रमांक आवर्जून लिहा.