तीन माग, एक कामगार



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी समोर सतरंजीवर बसून ऐकावे, ही आजवरची रीत. आमचे शिक्षण नववीपर्यंत. पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर आणि कारखान्याच्या फाटकावर झाले. व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी बोलावले तेव्हा आम्हांला वाटले, विषय मजुरीचा नाहीतर कामगार कायद्यांचा असणार. ते म्हणाले, "ते तुम्ही वर्षभर बोलताच. यंदा तुमच्या धावण्यावर बोला." तेव्हा आजचा प्रश्न असा : ट्रायथलॉनमध्ये धावण्याचा वेग वाढावा म्हणून मॅरेथॉनची सराव-योजना घ्यावयाची झाल्यास ती कोणती घ्यावी? प्रश्न लहान दिसतो. परंतु त्याचे उत्तर आम्ही एकदा चुकलो आणि त्यापायी एका तरुण कामगाराची दीड महिन्याची मजुरी बुडाली. म्हणून आम्हांला तो लहान वाटत नाही.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहणे, मग सायकल, मग धावणे. आणि या तिन्हींच्या मध्ये कपडे-बूट बदलतानाही घड्याळ थांबत नाही. २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगो येथे, मिशन बे या खाडीकाठी, या नावाची पहिली शर्यत झाली. २००० साली सिडनीच्या ऑलिंपिकमध्ये तिला स्थान मिळाले. तेथे दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असते. आपल्या शेजारी गोव्यात २०१९ सालापासून जी मोठी शर्यत सुरू झाली तिच्यात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे, म्हणजे अर्धी मॅरेथॉन, असते.

पोहणे आम्हांला पंचगंगेने शिकवले. सायकल संघटनेने शिकवली. इचलकरंजीच्या एका फाटकावरून दुसऱ्या फाटकावर सभेला जाण्यास आमच्याजवळ दुसरे वाहनच नव्हते. धावणे मात्र कोणी शिकवले नाही. मोर्चात माणूस चालतो, आणि लाठीमारात धावतो ते काही सरावाचे धावणे नव्हे. २०२२च्या नोव्हेंबरात आम्ही गोव्याला गेलो. पाण्यातून हसत बाहेर आलो, सायकलवरून बऱ्या स्थितीत उतरलो, आणि त्या २१ किलोमीटरना २ तास ३४ मिनिटे लागली. अखेरचे आठ किलोमीटर तर चालतच गेलो. घरी परतताना मनाशी ठरवून टाकले की, आपला वेग कमी आहे, तो वाढविला पाहिजे.

येथेच पहिली चूक झाली. मागावर कापड खराब निघाले की मालक मागाची गती पाहतो. जाणता जॉबर आधी सूत पाहतो. आम्ही सूत पाहिले नाही. ताज्या पायांनी आम्ही १० किलोमीटर ५६ मिनिटांत धावत होतो, म्हणजे किलोमीटरला साडेपाच मिनिटांच्या आसपास. गोव्यात तोच किलोमीटर सव्वासात मिनिटांवर गेला. वेग नव्हता असे नाही. वेग टिकत नव्हता. ट्रायथलॉनमधील धावणे हे थकलेल्या पायांचे धावणे असते. तेथे सर्वांत वेगवान माणूस पुढे जातोच असे नाही. जो कमी मंदावतो तो पुढे जातो.

मॅरेथॉनच्या सरावाचा उपयोग येथे आहे, आणि ही गोष्ट जगाला दाखवून दिली ती न्यूझीलंडच्या एका बूट-कारखान्यातील कामगाराने. त्याचे नाव आर्थर लिडियार्ड. दिवसा कारखाना, पहाटे दुधाचा रतीब, आणि उरल्या वेळात स्वतःच्या शरीरावर धावण्याचे प्रयोग, असा हा माणूस. त्याचे म्हणणे असे की, माणसाला वेगाची वाण क्वचितच असते, वाण असते ती दमाची. त्याचा शिष्य पीटर स्नेल हा ८०० मीटरचा धावपटू, म्हणजे मैदानाच्या अवघ्या दोन फेऱ्यांचा. तरीही लिडियार्ड त्याला रविवारी डोंगराळ रस्त्यावरून २२ मैल, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर पळवी. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये २ सप्टेंबर या एकाच दिवशी स्नेलने ८०० मीटरचे आणि लिडियार्डचाच दुसरा शिष्य मरे हॅलबर्ग याने ५००० मीटरचे सुवर्णपदक जिंकले. दोन फेऱ्यांच्या शर्यतीला जर मॅरेथॉनचा पाया उपयोगी पडतो, तर ९० किलोमीटर सायकल मारून आलेल्या पायांना तो का पडू नये?

परंतु या गोष्टीतली एक बाब आम्ही विसरलो. लिडियार्डची मुले आठवड्याला १०० मैल धावत, हे खरे. पण त्यांच्या सरावात धावण्याचा एकच माग होता. आमच्याकडे तीन माग आणि कामगार एकच.

गोव्याहून आल्यावर डिसेंबरात आम्ही एक योजना उचलली : आठवड्याला सहा दिवस धावणे, अठरा आठवडे. पोहणे आणि सायकल सोडवेना, म्हणून तीही ठेवली. धावण्याचे सात तास, सायकलचे पाच, पोहण्याचे दोन, एकूण चौदा. तो कागद आम्ही मोठ्या अभिमानाने संघटनेच्या कचेरीत भिंतीवर चिकटवला. कचेरीत येणारा एक चोवीस वर्षांचा मुलगा, मागावर बारा तासांची रात्रपाळी करणारा, तो कागद पाहून आमच्याबरोबर धावू लागला. रात्रभर उभे राहून पहाटे तो रस्त्यावर येई. आम्ही त्याची पाठ थोपटली, कौतुकाने चारचौघांत त्याचे नाव घेतले. अकराव्या आठवड्यात आमची टाचेमागची शीर सुजली आणि त्याच सुमारास त्याच्या नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला. डॉक्टरांनी दोघांनाही सक्तीची विश्रांती सांगितली. आमचे मानधन चालू राहिले. त्याची मजुरी मीटरवर. माग थांबला की मजुरी थांबली. आमचा पाय दुखला, त्याची चूल थंडावली. संघटनेच्या निधीतून काही मदत केली, पण ती काही मजुरी नव्हे.

त्याच्या घरी भेटायला गेलो तेव्हा तो रागावला नाही. फक्त म्हणाला, "अण्णा, करार वाचल्याबिगर सही करायची न्हाई, असं तुमीच सांगता न्हवं? मग ह्यो कागद कुणी वाचला हुता?"

बंधूंनो, तीस वर्षे आम्ही मालकाच्या हातातल्या घड्याळाशी भांडलो, आणि पन्नाशीत तेच घड्याळ स्वतःच्या मनगटाला बांधून घेतले. सराव-योजना हा करार आहे. शरीराला संघटना नाही, वकील नाही. त्याला संप तेवढा करता येतो, आणि तो ते न कळवता करते. म्हणून सही करण्यापूर्वी पाच कलमे वाचावीत.

पहिले कलम दिवसांचे. अमेरिकेतील हॅन्सन बंधूंची योजना प्रसिद्ध आहे. तीत लांब धाव सुमारे २६ किलोमीटरांवर थांबते म्हणून ती सोपी वाटते. परंतु धावणे आठवड्याला सहा दिवस असते, आणि साचत जाणाऱ्या थकव्यावरच तिची सारी उभारणी आहे. फिट्झिंगर आणि डग्लस यांच्या ग्रंथातील सर्वांत हलकी योजनाही शिखराच्या आठवड्यात सुमारे ८८ किलोमीटरांवर जाते. या योजना वाईट नाहीत. त्या एकाच मागाच्या कामगारासाठी आहेत. हॅल हिगडन यांची नवशिक्यांची अठरा आठवड्यांची योजना चार दिवसांची व सौम्य आहे, पण तिचा हेतू शर्यत पुरी करणे हा आहे, वेग नव्हे. चौथी तऱ्हा फर्मन विद्यापीठातील पिअर्स, मर आणि मॉस यांची, जिचे पुस्तक २००७ साली आले. त्यांतील पिअर्स आणि मर हे स्वतः ट्रायथलॉनकडे वळले तेव्हा पोहण्या-सायकलीला वेळ काढण्यासाठी त्यांनी धावण्याचे दिवस कमी केले, आणि त्यांच्या ध्यानात आले की त्यामुळे वेग घटत नाही. त्यातून तीन दिवसांची योजना निघाली : एक दिवस छोट्या वेगवान फेऱ्या, एक दिवस मध्यम लांबीची नेटाची धाव, एक दिवस लांब धाव, आणि दोन दिवस सायकल किंवा पोहणे. आमच्यासारख्याला हीच पायाभूत धरावी असे आमचे मत झाले.

दुसरे कलम एकूण तासांचे. १९४८च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याचे काम ४८ तासांवर बांधले आणि जादा कामाला दुप्पट मजुरी लावली. शरीरही जादा कामाचा हिशेब दुपटीनेच लावते. म्हणून धावण्याचे तास वेगळे मोजू नयेत. तिन्हींचे मिळून मोजावेत, आणि नोकरीची पाळीही त्यातच धरावी. धावण्याचे तास वाढले की सायकलचे कमी झालेच पाहिजेत. एका मागाची गती वाढविली की दुसऱ्यावर सूत तुटते, हे इचलकरंजीच्या पोरालाही ठाऊक असते.

तिसरे कलम वेगाचे, आणि तीन दिवसांच्या योजनेतील खोच येथेच आहे. तिच्यातील तिन्ही धावा नेमून दिलेल्या वेगाच्या, म्हणजे कष्टाच्या आहेत. त्यात सायकलही दम लागेपर्यंत मारली तर आठवड्यात हलका दिवसच उरत नाही. स्टीफन सायलर या संशोधकाने उत्तम धावपटूंचा आणि वल्हेकऱ्यांचा सराव तपासला, तेव्हा त्यांतील सुमारे ८० टक्के सराव हलका असल्याचे आढळले. हलका म्हणजे शेजाऱ्याशी पुरे वाक्य बोलता येईल असा. म्हणून आम्ही सायकल आणि पोहणे हलके ठेवले, आणि लांब धावही बोलता येईल इतकी सावकाश केली. नेमलेला वेग आजच्या १० किलोमीटरच्या वेळेवरून काढावा, मनातल्या वेळेवरून नव्हे. लांब धावेलाही मर्यादा हवी. जॅक डॅनियल्स हे नामांकित शिक्षक तिला अडीच तासांची मर्यादा घालत. वेगवान माणूस तेवढ्यात ३२ किलोमीटर जातो. आम्ही तेवढ्यात २२-२३ जातो. तेथेच थांबावे. योजनेतला आकडा गाठण्यासाठी साडेतीन तास रस्त्यावर राहणे म्हणजे दुसऱ्याच्या अंगाचा सदरा घालणे होय.

चौथे कलम विश्रांतीचे. दर आठवड्याला एक दिवस पूर्ण सुटी, आणि दर चौथ्या आठवड्याला काम तिसऱ्या हिश्श्याने कमी. पन्नाशीनंतर यात तडजोड नाही. ज्या योजनेत हे लिहिलेले नसेल तिच्यात आपल्या हाताने लिहावे.

पाचवे कलम तारखेचे. मुंबईची मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तेथून सोळा आठवडे मागे मोजले तर सप्टेंबर संपत आलेला असतो, आणि गोव्याची शर्यत ऑक्टोबर-नोव्हेंबरची. दोन्ही एकाच हंगामात नीट होत नाहीत. म्हणून आम्ही २०२३ सालचे गोवे सोडले. ते सोडताना जीव हळहळला, हे कबूल करतो. आणि ज्यांची शर्यत १० किलोमीटर धावण्याची आहे, त्यांनी मॅरेथॉनच्या योजनेच्या वाटेस जाऊच नये. अर्ध्या मॅरेथॉनची योजना त्यांना भरपूर आहे.

या पाच कलमांत एक पुरवणी आम्ही आमची जोडली : शनिवारी सायकलवरून उतरताच वीस मिनिटे धावणे. पहिली पाच मिनिटे पाय दुसऱ्याचे वाटतात, मग आपले होतात. शर्यतीत हीच ओळख उपयोगी पडते.

फळ काय मिळाले? २०२४च्या जानेवारीत मुंबईची मॅरेथॉन ४ तास ३८ मिनिटांत पुरी झाली. त्यात मिरविण्यासारखे काही नाही. ऑक्टोबरात गोव्याला गेलो. तेच अंतर, तीच दमट हवा, आणि धावण्याला २ तास १७ मिनिटे. सतरा मिनिटे वाचली आणि एक पाऊलही चाललो नाही. गंमत अशी की, ताज्या पायांची १० किलोमीटरची वेळ ५६ वरून ५५ मिनिटांवर आली, एवढाच फरक. वेग जवळजवळ होता तेवढाच राहिला, गळती थांबली.

आणि तो मुलगा? हाड सांधले आणि तो पुन्हा धावू लागला. भिंतीवरचा कागद त्यानेच काढला आणि नवा लिहिला. दिवसपाळीच्या आठवड्यात तीन धावा. रात्रपाळीच्या आठवड्यात दोन, त्याही छोट्या, आणि झोप झाल्यावर. त्या कागदावर सर्वांत वर त्याने पाळीचे तास लिहिले आहेत आणि धावणे त्यांच्या खाली. पुस्तकांतल्या एकाही योजनेत आम्ही ही ओळ पाहिली नाही. ती असायला हवी होती, कारण योजना लिहिणाऱ्याने गृहीत धरलेला मोकळा वेळ सर्वांच्या घरी सारखा नसतो.

१० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली होती आणि या सुटीसाठी ते वर्षानुवर्षे झगडले होते. इतक्या कष्टाने मिळालेला विसाव्याचा दिवस आपण एका छापील तक्त्याला हसत हसत देऊन टाकावा, हे काही शहाणपण नव्हे. वेग जरूर वाढवा. आम्ही या वयात वाढवला, तुम्ही का नाही? पण जी योजना तुमच्या पोटाच्या कामाला काम म्हणून मोजत नाही, तिच्यावर सही करू नका.