परत आलेल्या साडीवर पहिला हक्क कुणाचा?

श्रोतेहो, दुकानात परत आलेल्या मालाचं पुढं काय होतं, यावर बोला, असं रेडिओ केंद्रानं सांगितलं. मी आपला साड्यांवरच बोलणार.

सांगलीच्या कापड पेठेत किंवा साताऱ्याच्या राजपथावर लग्नाचा बस्ता बांधायला गेलात, की दोन-चार साड्या जास्तीच्या घरी आणता. आजीला दाखवायच्या, नाही आवडल्या तर परत. हा जांगड माल. दुकानदार तो विक्रीत धरत नाही, जांगड वहीत लिहितो. साडी तुमच्या कपाटात असली तरी मालकी त्याचीच. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम २४ हेच सांगतं. पसंती कळवलीत की विक्री पुरी. आणि ठरलेली मुदत उलटेपर्यंत काहीच कळवलं नाही, तरीही विक्री पुरी! गप्प बसलात तरी पैसे द्यावे लागतात, लक्षात ठेवा.

आता साडी परत आली. तोच रंग, तोच काठ हवा म्हणून दुसऱ्या कुणी ॲडव्हान्स देऊन ठेवलाय. त्याला दुकानदार सांगतो, "सुरतेहून माल निघालाय, परवा या." आणि साडी गल्ल्यामागं पिशवीत पडून! का? जांगड वही एकाकडे, ऑर्डरची वही दुसऱ्याकडे. मी शिकवायचो तेव्हा वर्गात हे इतक्यांदा सांगायचो की मुलं हसायची. दोन्ही वह्या एका टेबलावर ठेवा. एका टेबलावर! संगणक आला तरी तेच. परत आलेला माल मांडणीत जायच्या आधी थांबलेल्या गिऱ्हाइकाला फोन गेला पाहिजे.

त्याआधी तपासणी मात्र हवी. जाणता नोकर साडी पूर्ण उलगडतो. खालचा काठ मळलाय का, खांद्याशी पिनेची भोकं आहेत का, हळदीचा ठिपका आहे का, सगळं बघतो. मग नाकाशी नेतो. अत्तर लपत नाही. फॉल लावलेला दिसला की प्रश्नच मिटला. हळदीला नेसून साडी परत करणाऱ्या ताईंनो, रागावू नका, पण याला जांगड म्हणत नाहीत. आणि दुकानदारांनो, वापरलेली वस्तू नवी म्हणून विकणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. सांगून, कमी भावात विका. घेणारे मिळतात.

ऑनलाइन खरेदीचं राहिलंच. वेळ संपल्याची खूण होतेय. बिल जपून ठेवा. जुना माल नवा म्हणून गळ्यात मारला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.