निद्रा, क्षुधा आणि औषध

(समाजाच्या वार्षिक संमेलनात सालेकसा येथे केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला ‘विद्यार्थी व शिस्त’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली होती. त्या विषयावर मी सारी नोकरी बोलत आलो. आज मंडळाची क्षमा मागून, ज्याविषयी आपल्या घरांतून मोठ्याने बोलले जात नाही, त्याविषयी चार शब्द बोलतो.

माझ्या धाकट्या बंधूस द्विध्रुवी मनोविकार आहे. त्याच्या संमतीनेच हे सांगत आहे. या व्याधीत मन कधी उन्मादाच्या शिखरावर चढते, तर कधी नैराश्याच्या गर्तेत पडते. मधल्या काळात मनुष्य तुमच्या-आमच्यासारखाच असतो. आम्ही त्यास आधी बाहेरची बाधा म्हटले, मग आळस म्हटले. रोग मात्र म्हटले नाही. हा दोष शिकल्यासवरल्या वडील बंधूचा, म्हणजे माझा होय.

पहिली गोष्ट निद्रेची. उन्माद घरात शिरण्यापूर्वी झोप घर सोडून जाते. दिवाळीनंतर आपल्या झाडीपट्टीत मंडई भरते आणि रात्र-रात्र नाटके चालतात. एके वर्षी बंधू ओळीने तीन रात्री जागला. चौथ्या दिवशी झोप नसूनही त्यास थकवा नव्हता, उलट तो दुप्पट काम करू लागला. आम्ही त्याच्या उत्साहाचे कौतुक केले. ती वेळ कौतुकाची नव्हती, सावध होण्याची होती. पुढील आठवड्यात त्याने बैलजोडी मातीमोलाने विकली. आता तो दिवसाची मंडई पाहतो, आणि नाटकाचा पडदा उघडण्यापूर्वी घरी येऊन ठरल्या वेळी निजतो. झोप दोन रात्री उडाली, तर तिसऱ्या रात्रीची वाट न पाहता आम्ही डॉक्टरांस कळवितो.

दुसरी गोष्ट क्षुधेची. या विकारावरील कित्येक औषधांनी भूक वाढते व वजन चढते. काहींनी रक्तातील साखरही वाढते. बंधू स्थूल झाला तेव्हा पाहुण्यांनी त्याची थट्टा केली, आणि त्याने कोणास न सांगता गोळ्या सोडल्या. थोड्याच आठवड्यांत रोग परतला. थट्टा करणारे आपापल्या गावी गेले. रात्री आमच्या घरच्यांनी जागून काढल्या. गोळी सोडणे हा वजनावरचा उपाय नव्हे. डॉक्टरांस सांगितल्यावर त्यांनी औषधात फेरबदल केला. आम्ही ताटातील भात मोजका केला, वरण-भाजी वाढविली आणि सकाळचे चालणे सुरू केले. लिथियमने तहान फार लागते. ती सरबताने वा गोड चहाने न भागविता पाण्याने भागवावी.

तिसरी गोष्ट औषधाची. लिथियम हा एक साधा क्षार आहे. उन्मादावरील त्याचा गुण १९४९ साली ऑस्ट्रेलियातील डॉक्टर जॉन केड यांनी जगापुढे मांडला. तो गुणकारी आहे, तसाच काटेकोरही आहे. तारक मात्रा आणि मारक मात्रा यांत अंतर थोडे. म्हणून शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त देऊन त्याचे प्रमाण पाहावे लागते. थायरॉइड व मूत्रपिंडे यांचीही नियमित तपासणी लागते. शरीरातील मीठ-पाणी घटले की मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात. हे मला ठाऊक नव्हते. ऐन वैशाखात बंधूने नवसाचे अळणी उपवास धरले, आणि मीच त्यास उत्तेजन दिले! काही दिवसांत त्याचे हात जोराने थरथरू लागले, वांत्या झाल्या, पाय लटपटले, बोलणे जड झाले. गोंदियास नेल्यावर रक्तात लिथियम वाढल्याचे आढळले. वेळेवर नेले म्हणून तो आज पुढच्या रांगेत बसला आहे. अशी लक्षणे दिसताच पुढची गोळी न देता त्वरित दवाखाना गाठावा. उन्हाळ्यात पाणी भरपूर द्यावे, मीठ एकाएकी तोडू नये, आणि अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणू नये. तशा काही गोळ्यांनीही लिथियम वाढते.

बंधूंनो, नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ पासून आहे. २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. आणि २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर शासनाचा विनामूल्य सल्ला मिळतो. उणीव आहे ती आपल्या धैर्याची. सोयरीक मोडेल या भयाने आपण रोग लपवितो, आणि लपविलेल्या रोगाची गोळीही लपूनच घ्यावी लागते. लपून घेतलेली गोळी फार दिवस टिकत नाही.

म्हणून मंडळास माझी दोन नम्र विनंती-वाक्ये आहेत. समाजाच्या लग्नकार्यांत कोणी लवकर निजावयास गेला, तर त्यास आग्रहाने बसवून ठेवू नये. आणि विद्यार्थी-निधीप्रमाणेच गरजू रुग्णाच्या प्रवासासाठी व रक्ततपासणीसाठी एक लहानसा निधी काढावा. त्यात पहिली भर माझ्या एका महिन्याच्या निवृत्तिवेतनाची राहील.