स्पर्धा कायद्याची वकिली आणि आपले दुकान



या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात मारेगावच्या एका दुकानदाराच्या मुलाला बोलण्याची संधी मिळाली, याबद्दल मी ऋणी आहे. लंडनमधील एका आंतरराष्ट्रीय विधी संस्थेत मी स्पर्धा कायद्याचे काम करतो. गावी आलो की ‘हे नेमके कसले काम?’ असा प्रश्न हमखास होतो. आज त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

विक्रेत्यांनी संगनमताने भाव ठरवू नयेत आणि बलाढ्याने आपल्या बळाचा गैरवापर करू नये, हे पाहणारा हा कायदा. आपल्याकडे स्पर्धा अधिनियम २००२ मध्ये संमत झाला आणि या दोन गोष्टींविषयीची कलमे २० मे २००९ पासून अमलात आली. हे सारे दूरचे वाटते. परंतु शेजारच्या वणी परिसरातील कोळसाही या कायद्याच्या कक्षेत आला आहे. कोळसा पुरवठ्याच्या एकतर्फी अटींविरुद्ध महानिर्मितीने तक्रार केली. प्रतिपक्षांत वेस्टर्न कोलफिल्ड्स होती. स्पर्धा आयोगाने डिसेंबर २०१३ मध्ये कोल इंडियाला १,७७३ कोटींचा दंड केला; अपिलानंतरच्या फेरसुनावणीत २०१७ मध्ये तो ५९१ कोटींवर आला. सरकारी कंपनीही या कायद्याला बांधील आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये दिला.

नव्या वकिलाला लगेच न्यायालयात उभे राहावयाचे नसते. आठवडेच्या आठवडे अशिलाचा पत्रव्यवहार आणि बैठकांची इतिवृत्ते वाचावी लागतात. दोन कंपन्यांचे विलीनीकरण असेल, तर भाव थोडा वाढल्यास गिऱ्हाईक कोणाकडे वळेल, हे शोधावे लागते. इंग्रजीत मी मागे होतो. पण या प्रश्नाचे उत्तर कोठे शोधावे, हे मला गल्ल्यावर बसून आधीच ठाऊक झाले होते.

पहिल्याच वर्षी एका व्यापारी संघटनेचे इतिवृत्त वाचत होतो. ‘कोणीही भाव तोडू नये,’ असे त्यात नमूद होते. मी थबकलो. हेच वाक्य लहानपणी आमच्या ओसरीवर, चहाच्या कपांसमवेत मी ऐकले होते. कायद्याच्या दृष्टीने हे संगनमत. सिद्ध झाल्यास प्रत्येक वर्षाच्या नफ्याच्या तिपटीपर्यंत किंवा उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत, यांपैकी जी रक्कम अधिक, तितका दंड होऊ शकतो. सुटीत गावी आल्यावर वडिलांना हे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘आम्ही त्याला एकी म्हणत होतो. गिऱ्हाईक काय म्हणत असेल, हे कधी विचारले नाही.’’ माझ्या व्यवसायाचे मर्म मला त्या दिवशी उमगले.

ज्या मुलामुलींना या वाटेने जावयाचे आहे, त्यांच्यासाठी थोडे. बारावीनंतर प्रवेश परीक्षा देऊन पाच वर्षांचा विधी अभ्यासक्रम करता येतो. नागपूरला राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. अर्थशास्त्र मनापासून वाचावे, आयोगाचे निकाल मुळातून वाचावेत आणि सुट्यांत एखाद्या वकिलाकडे उमेदवारी करावी. इंग्लंडमध्ये सॉलिसिटर होण्यासाठी २०२१ पासून नवी दोन टप्प्यांची परीक्षा आणि साधारणपणे दोन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. परदेशी संस्थांना भारतात भारतीय कायद्याची वकिली करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणून पहिली काही वर्षे एखाद्या भारतीय संस्थेत काढणे, हाही उत्तम मार्ग होय.

पालकांना एकच विनंती. मुलाला गल्ल्यावर अवश्य बसवा. आणि त्याने एखाद्या व्यवहाराबद्दल प्रश्न विचारलाच, तर रागावू नका. माझ्या वडिलांनी तो ऐकून घेतला, म्हणून मी आज येथे ताठ मानेने उभा आहे.