वसईच्या घंटांची कथा

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत धर्मग्रामाच्या प्रमुख गुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगीं पूर्वजांचें स्मरण करावें, ही आपल्या ख्रिस्तसभेची जुनी चाल आहे. आपलें ख्रिस्तमंदिर कसें उभें राहिलें, त्यासाठीं कोणीं किती श्रम केले, हें आजच्या सभेंत इतर वक्त्यांनीं सांगितलेंच आहे. मी आपणांस एका निराळ्या वस्तूची हकीकत सांगणार आहें. आपल्यांतील तरुण मंडळी नाशिक, वाई, भीमाशंकर इकडे सहलीस जाऊन येतात आणि मला विचारितात, ‘‘फादर, तेथील देवालयांत क्रूसाचें चिन्ह असलेल्या घंटा टांगल्या आहेत. त्या आपल्या वसईच्या ना? मग त्या आपण परत कां मागूं नयेत?’’ प्रश्न साधा दिसतो; परंतु त्याचें उत्तर देण्यापूर्वीं इतिहास नीट ऐकून घेतला पाहिजे.

२३ डिसेंबर १५३४ रोजीं गुजराथचा सुलतान बहादुरशहा यानें वसई व तिच्या भोंवतालचा मुलूख तहानें पोर्तुगीजांस दिला. त्यानंतर दोनशें वर्षांहून अधिक काळ तेथें त्यांचा अंमल होता. किल्ल्याच्या तटाच्या आंत फ्रान्सिस्कन, डोमिनिकन, आगुस्तिनियन व येशूसंघीय यांचे मठ व मंदिरें उभीं राहिलीं. जपानांत नागासाकी येथें ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं क्रूसावर प्राणार्पण करणारे आणि १८६२ सालीं संतपदास चढलेले गोन्सालो गार्सिया ह्याच वसईचे सुपुत्र होत. बाळपणीं त्यांच्या कानांवर प्रार्थनेची पहिली हांक येथील घंटांचीच आली असली पाहिजे. आज संत योसेफाच्या मंदिराचा मनोरा त्या किल्ल्यांत उभा आहे. मात्र त्यांतील घंटेची जागा रिकामी आहे.

घंटा ही सामान्य वस्तु नव्हे, हें आपणांस ठाऊक आहे. चार भाग तांबें व सुमारें एक भाग कथील असा रस करून ती ओततात. जुन्या विधीप्रमाणें धर्माध्यक्ष तिला मंत्रित पाण्यानें धुवीत, पवित्र तेलाचा अभ्यंग करीत, धूप दाखवीत आणि तिला एखाद्या संताचें नांव देत. म्हणूनच लोक ह्या विधीस घंटेचा बाप्तिस्मा म्हणूं लागले. लग्नांत ती आनंदानें वाजे, मरणांत मंदपणें वाजे, आणि दिवसांतून तीन वेळां देवदूताच्या निरोपाची आठवण करून देई.

आतां १७३९ सालाकडे वळूं. बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधु चिमाजी आप्पा यांच्या फौजेनें १७३७ सालीं ठाणें व साष्टी घेतली, आणि १७३९ च्या फेब्रुवारींत वसईस वेढा घातला. तटाखालीं सुरुंग लाविले गेले, खिंडारें पडलीं, आणि दोन्ही बाजूंचे असंख्य लोक कामास आले. मे महिन्याच्या मध्यास किल्ल्यानें शरणागति पत्करिली. तहाच्या अटींप्रमाणें शिबंदीस शस्त्रांनिशीं मानानें बाहेर जाऊं दिलें, आणि जे ख्रिस्ती लोक मागें राहूं इच्छीत होते त्यांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक देण्यांत आली. मंदिरांतील घंटा मात्र विजयाचें चिन्ह म्हणून घांटावर नेण्यांत आल्या.

त्या कोठें गेल्या? नाशिकास पंचवटींत, गोदावरीच्या कांठीं, सरदार नारोशंकर राजेबहादुर यांनीं १७४७ सालीं रामेश्वराचें देवालय बांधिलें. त्याच्या भिंतीवर नदीकडे तोंड करून जी प्रचंड घंटा टांगलेली आहे, ती ‘नारोशंकराची घंटा’ ह्या नांवानें प्रसिद्ध असून तिच्यावर १७२१ हें साल आहे. वाईजवळ मेणवली येथें, नाना फडणीसांच्या वाड्यामागील कृष्णेच्या घाटावर, दुसरी एक घंटा आहे. तिच्यावर बाळ येशूला कडेवर घेतलेल्या पवित्र मातेची आकृति असून १७०७ हा आंकडा आहे. भीमाशंकराच्या ज्योतिर्लिंगासमोरहि अशीच एक घंटा आहे. पालीच्या बल्लाळेश्वराच्या देवालयांतील घंटा चिमाजी आप्पांनींच अर्पण केली, अशी तेथील परंपरा आहे.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. घंटेचा धातु आणि तोफेचा धातु हे सख्खे भाऊ आहेत. कथिलाचें प्रमाण थोडें कमी केलें कीं घंटेची तोफ होते. युद्धाच्या काळांत घंटा वितळविणें ही जगाची रीतच आहे. दुसऱ्या महायुद्धांत जर्मन सत्तेनें यूरोपांतील सुमारें १,७५,००० घंटा मनोऱ्यांवरून उतरविल्या, आणि त्यांपैकीं बहुतेक भट्टींत गेल्या. मराठ्यांना तोफांची गरज कांहीं कमी नव्हती. तरी ह्या घंटा त्यांनीं भट्टींत न घालतां देवासमोर टांगल्या. मेणवलीच्या घंटेवरील मातेची आकृति कोणी खरवडून टाकिली नाहीं. आजहि ती तेथें आपल्या बाळासह उभी आहे.

ह्याच्या उलट एक हकीकत स्पेन देशांतील आहे. ९९७ सालीं कॉर्दोव्हाचा सेनापति अल्‌-मन्सूर यानें सांतियागो हें संत याकोबाचें तीर्थक्षेत्र लुटिलें. प्रेषिताच्या कबरेस त्यानें हात लाविला नाहीं. परंतु मंदिराच्या घंटा ख्रिस्ती कैद्यांच्या खांद्यांवरून कॉर्दोव्हास नेल्या, आणि तेथील मशिदींत त्यांचे दिवे करून टांगले. पुढें १२३६ सालीं राजा तिसरा फर्डिनांद यानें कॉर्दोव्हा जिंकिलें, आणि त्याच घंटा मुसलमान कैद्यांच्या खांद्यांवरून सांतियागोस परत पाठविल्या. दोनशें एकोणचाळीस वर्षांनीं घंटा परत आल्या खऱ्या. पण त्यांच्याबरोबर दुसऱ्यांच्या खांद्यांवरचें ओझेंहि आलें. एका अपमानाची फेड दुसऱ्या अपमानानें झाली. अशी परतफेड आपणांस हवी आहे काय?

शिवाय, आपण आपला जमाखर्च मांडावयाचा तर दोन्ही रकाने भरले पाहिजेत. बोरिवलीजवळ मंडपेश्वर नांवाचें शिवाचें प्राचीन लेणें आहे. सोळाव्या शतकांत फ्रान्सिस्कन संघाच्या धर्मगुरूंनीं त्याचें ख्रिस्तमंदिर केलें, आणि त्या लेण्याच्या खडकांत कोरलेला क्रूस अजूनहि पाहणाऱ्यास दिसतो. ज्यांनीं हें केलें ते आपल्या समजुतीप्रमाणें धर्मकार्यच करीत होते. पण ज्यांचें देवस्थान गेलें त्यांच्या मनास काय वाटलें असेल, ह्याचा विचार करण्याचें कर्तव्य आपल्यावर आहे. दुसऱ्यांनीं आपणांस जें करावें असें वाटतें, तेंच आपण दुसऱ्यांस करावें, असें प्रभूनें शिकविलें आहे. वसईच्या घंटा मोजूं लागलों तर मंडपेश्वरहि मोजावें लागेल.

मग वसईचा पाडाव झाल्यावर आपल्या पूर्वजांचें काय झालें? परदेशी धर्मगुरु बहुतांशीं निघून गेले. राजाश्रय गेला, घंटा गेल्या, किल्ल्यांतील मठ ओस पडले. पण श्रद्धा गेली नाहीं. ह्याच मातींत जन्मलेल्या देशी धर्मगुरूंनीं खेड्यापाड्यांतील मंदिरें संभाळिलीं. आंकेतिल द्युपेराँ नांवाचा फ्रेंच पंडित, ज्यानें पुढें १७७१ सालीं पारशी बांधवांच्या अवेस्ता ग्रंथाचें फ्रेंच भाषांतर प्रसिद्ध केलें, तो १७६० च्या सुमारास कान्हेरी व घारापुरीची लेणीं पाहण्यासाठीं साष्टींत आला होता. मराठ्यांच्या राज्यांत ख्रिस्ती लोक आपला धर्म उघडपणें आचरीत आहेत, देशी धर्मगुरु थाटानें सण साजरे करीत आहेत, हें त्यानें स्वतः पाहून लिहून ठेविलें. बंधुभगिनींनो, वसईच्या इतिहासांतील सर्वांत मोठें आश्चर्य मला हेंच वाटतें. घंटा नसतांहि लोक वेळेवर प्रार्थनेस येत होते. आईनें मुलास क्रूसाची खूण शिकविली, आजीनें नातवंडांकडून रोझरी म्हणवून घेतली. त्यांच्या घरांतील सायंकाळ हीच त्यांची घंटा होती.

आतां त्या तरुणांच्या प्रश्नाचें उत्तर देतों. त्या घंटा परत मागूं नयेत, असें माझें स्पष्ट मत आहे. त्या देवाच्या नांवासाठीं ओतल्या गेल्या, आणि आजहि जेथें आहेत तेथें मनुष्यास प्रार्थनेची आठवण करून देत आहेत. नाशिकचा, वाईचा, पालीचा भाविक त्यांस आपल्या म्हणतो, आणि कित्येक पिढ्यांच्या भक्तीनें त्यानें तो हक्क मिळविला आहे. त्यांजवर राग धरणें म्हणजे त्या शेजाऱ्यांवर राग धरणें होय. आणि आपलें शेत, आपला बाजार, आपलें सुखदुःख त्यांच्यापासून वेगळें नाहीं. ज्या मराठी भाषेंत ते देवास हांक मारितात, तिच्यांतच आपणहि मारितों.

तेव्हां पुनः मेणवलीस गेलांत तर पायांतील वहाणा काढून, तेथील रीत पाळून, त्या घंटेपुढें क्षणभर उभे राहा. मातेची आकृति पाहा, मनांतल्या मनांत एक ‘नमो मरीये’ म्हणा, आणि जे शूर सैनिक वसईच्या तटाच्या दोन्ही बाजूंस पडले, त्या सर्वांच्या आत्म्यांस शांति मागा. मुलें बरोबर असतील तर त्यांस ही सगळी हकीकत सांगा. अर्धी सांगूं नका.

आणि एक शेवटची विनंती. आपल्या मनोऱ्यावरील घंटा कोणीं नेलेली नाहीं. ती रोज पहांटे, दुपारीं व सायंकाळीं वाजते. गेलेल्या घंटांबद्दल हळहळणारे आपण, जवळच्या घंटेचा आवाज ऐकून किती वेळां हातांतलें काम थांबवितों? पूर्वजांनीं घंटेवांचून श्रद्धा टिकविली. आपण घंटा असून ती गमावूं नये, हाच ह्या महोत्सवाचा संकल्प असो. परमेश्वर आपणां सर्वांस ती हांक ऐकण्याचे कान आणि तिला ओ देण्याची बुद्धि देवो. आमेन.