चुकारा कोणत्या चलनात?



कारंजा तालुक्याच्या गावागावांतून आलेल्या आपणा सर्वांचे समस्त कामरगावकरांच्या वतीने मनापासून स्वागत. शेतीची कामे बाजूला ठेवून आपण आलात, याचा आनंद मोठा आहे.

बिटकॉइनसारख्या क्रिप्टोला सरकारने कायदेशीर चलन मानावे का, हा आजचा प्रश्न फक्त मुंबई-दिल्लीचा नाही. देणेकऱ्याने पुढे केले की घेणेकऱ्याला नाकारता येत नाही, ते कायदेशीर चलन. अशी मान्यता मिळाली आणि उद्या व्यापाऱ्याने सोयाबीनचा चुकारा बिटकॉइनमध्ये देऊ केला, तर शेतकऱ्याला तो घ्यावाच लागेल. नोव्हेंबर 2021 मध्ये एक बिटकॉइन 69 हजार डॉलरपर्यंत चढले होते. वर्षभरात ते 16 हजारांच्या घरात आले. त्या नोव्हेंबरात असा चुकारा घेऊन सांभाळून ठेवणाऱ्याच्या हाती जेमतेम चौथाई उरली असती! एल साल्वाडोर या देशाने सप्टेंबर 2021 मध्ये ही सक्ती केली आणि 2025 मध्ये मागे घेतली.

चलन कसे पारखावे, हे सांगणारा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ 1923 चा. पैशाची क्रयशक्ती स्थिर असावी आणि चलन काढणाऱ्याच्या मर्जीला लगाम असावा, या दोन्ही गोष्टींचा त्यांना ध्यास होता. बिटकॉइन 2 कोटी 10 लाखांच्या पुढे निघणार नाहीत, हा समर्थकांचा मुद्दा खरा आहे. 2016 च्या नोटबंदीत बँकेपुढे ताटकळलेल्या माणसाला तो पटतोही. पण क्रयशक्तीच्या कसोटीला हे नाणे उतरत नाही, आणि रोजमजुराचे पोट त्याच कसोटीवर अवलंबून असते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: चलन म्हणून मान्यता नको.

बंदीही मी मागत नाही. क्रिप्टो व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेने बँकांवर घातलेले निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये रद्द केले. एप्रिल 2022 पासून सरकार नफ्यावर 30 टक्के कर घेते. कर घेणाऱ्याने गुंतवणूकदाराला कायद्याचे संरक्षणही दिले पाहिजे. दरमहा 10 टक्क्यांचे आमिष दाखवणाऱ्या ‘गेनबिटकॉइन’ योजनेविरुद्ध गुन्हे पुण्यात नोंदले गेले, तसे नांदेडलाही. नांदेड आपल्यापासून किती लांब? आपली पोरे मोबाईलवर हे व्यवहार करतात. फसल्यावर जायचे कुठे, हे त्यांना कुणी सांगत नाही.

हे संरक्षण देणारा कायदा कसा असावा आणि तक्रारीची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी कशी व्हावी, यावर आज ठराव व्हावा, ही स्वागत समितीची विनंती आहे. अध्यक्ष महाराज, आपण सभेची सूत्रे स्वीकारावीत.