संज्ञापनविद्या : एक उपेक्षित वाट

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात, गुणवंत विद्यार्थ्यांच्या सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



चालकमंडळींनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, हा त्यांचा लोभ होय. आम्ही स्वतः केवळ मॅट्रिक. महाविद्यालयाची पायरी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. तेव्हा उच्च शिक्षणाविषयी उपदेश करण्याचा अधिकार आमचा नव्हे. परंतु त्या बाबतीत आमच्या हातून एक चूक घडली आहे, आणि चुकीची कबुली देण्यास पदवी लागत नाही.

सुमारे वीस वर्षांपूर्वी ज्ञातीतील एक गृहस्थ बारावी झालेल्या आपल्या मुलास घेऊन आमच्या घरी आले. मुलाचा ओढा वृत्तपत्रविद्या व संज्ञापन या विषयाकडे होता. वडिलांनी आमचे मत विचारले. आम्ही म्हणालो, "बोलणे-लिहिणे हे काय कॉलेजात शिकावयाचे असते? ते तर आम्ही याला चौथीतच शिकविले!" सर्वजण हसले. तो मुलगा मात्र हसला नाही. आमच्या शब्दाखातर त्यास अभियांत्रिकीस घातले. दोन वर्षे वाया गेली, वडिलांच्या डोक्यावर कर्ज झाले आणि मुलगा घरी परत आला. पुढे त्याने छापखान्यात काम करीत कला शाखेची पदवी घेतली व स्वकष्टाच्या पैशांवर आपल्या आवडीचा अभ्यासक्रम पुरा केला.

ही विद्या म्हणजे काही कालचे फॅड नव्हे. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' काढले, तेव्हापासून मराठी मनुष्य हा व्यवसाय करीतच आहे. डॉ. ना. भि. परुळेकर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथील वृत्तपत्रे त्यांनी डोळसपणे पाहिली आणि स्वदेशी येऊन १ जानेवारी १९३२ रोजी पुण्यात 'सकाळ' सुरू केला. मतांपेक्षा बातमीस मान, गावोगावचे वार्ताहर आणि सामान्य माणसास समजेल अशी भाषा, हे त्यांचे धोरण होते. पुणे विद्यापीठाने या विषयाचा विभाग १९६४ साली काढला. मुंबई विद्यापीठात बारावीनंतरचा पदवी अभ्यासक्रम २००० च्या सुमारास आला. तेथे वार्ता लिहिणे, मुलाखत घेणे, संपादन, जाहिरात, जनसंपर्क, ध्वनी व चित्र यांचे तंत्र आणि वृत्तपत्रविषयक कायदे शिकवितात.

परंतु त्या शिक्षणाचे मर्म आम्हांस कळले ते निराळ्याच ठिकाणी. काही वर्षांपूर्वी आमच्या कुटुंबास मधुमेहासाठी इन्शुलिन सुरू करावे लागले. रुग्णालयात एक पत्रक हाती दिले. आम्ही ते उभ्या उभ्या वाचले. बाटली फ्रीजमध्ये कोठे ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात का ठेवू नये, सुई टोचण्याची जागा का बदलावी, सारे लहान लहान वाक्यांत होते. "हे कोणी लिहिले?" असे विचारता आतून तोच मुलगा बाहेर आला आणि वाकून म्हणाला, "गुरुजी, मीच लिहिले."

त्याने सांगितले, की पहिल्या मसुद्यात त्याने 'थंड जागी ठेवावे' इतकेच लिहिले होते. एका आजीबाईंनी घरातील सर्वांत थंड जागा म्हणून बाटली बर्फाच्या कप्प्यात ठेविली. गोठलेले इन्शुलिन निकामी होते. तेव्हापासून तो प्रत्येक पत्रक आधी दहा रुग्णांस देतो व "आता तुम्ही मला सांगा," असे म्हणून त्यांच्याच तोंडून वदवून घेतो. जेथे ते अडतील तेथे वाक्य बदलतो. "आम्हांला कॉलेजात हेच शिकविले गुरुजी, आपण काय बोललो यापेक्षा समोरच्यास काय पोहोचले ते पाहा."

बंधुभगिनींनो, आम्ही छत्तीस वर्षे अध्यापन केले. "समजले का रे?" असे विचारीत आलो आणि वर्गाने "हो गुरुजी" म्हटले, की पुढच्या धड्याकडे वळलो. किती जणांस खरोखर समजले होते, देव जाणे! चौथीत आम्ही त्यास अक्षरे शिकविली. ही विद्या शिकविली नव्हती, कारण ती आम्हांसच येत नव्हती.

याचा अर्थ प्रत्येकाने याच वाटेने जावे असा नव्हे. छापील वृत्तपत्रांतील नोकऱ्या आटल्या आहेत. आरंभीचे वेतन बहुधा बेताचेच असते. केवळ पडद्यावर चेहरा दिसावा या हौसेने कोणी जाऊ नये. प्रवेश घेण्यापूर्वी तेथे प्रत्यक्ष काम करवून घेतात काय, हे पाहावे. मराठी आणि इंग्रजी दोन्हींचे वाचन दांडगे ठेवावे. मात्र रुग्णालये, बँका, कारखाने, शासकीय खाती, सेवाभावी संस्था, सर्वांनाच आपले म्हणणे लोकांस समजावून सांगणारा मनुष्य हवा असतो, हेही पालकांनी ध्यानी घ्यावे.

शेवटी चालकमंडळींस एक नम्र विनंती. आपल्या शिष्यवृत्त्या आजवर वैद्यकी व अभियांत्रिकी यांसाठीच राखलेल्या आहेत. यंदापासून एक शिष्यवृत्ती या विषयासाठी ठेवावी. पहिल्या वर्षाची रक्कम आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देऊ. हे दान नव्हे; जुने देणे आहे, ते फेडीत आहोत.

तो मुलगा आज या सभेत बसलेला आहे. त्यास संकोच होऊ नये म्हणून नाव घेत नाही. इतकेच बोलून, आपली सर्वांची, आणि विशेषेकरून त्याची, क्षमा मागून आम्ही आपली रजा घेतो.